काले म्हणजे नेमकं कधी?

सुरतेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला गुजरातीतला एक शब्द बरेच दिवस चकवतो: ‘काले’. काल झालं तेही काले आणि उद्या होणार तेही काले. कोणता काले, हे क्रियापदावरून ओळखायचं. मी रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात हिशेबाचं काम करतो. वसुलीचा फोन लावला की पलीकडून हमखास येतं, ‘काले’. पुढचं क्रियापद बहुतेक वेळा गिळलेलं असतं. पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. पुढे माझ्याच घरातल्या एका पिशवीने मला त्या शब्दाचं शहाणपण शिकवलं. काल राहिलेलं काम आणि उद्यावर टाकलेलं काम ही दोन कामं नसतातच. ते एकच काम असतं, दोन्ही बाजूंनी ‘काले’ लागलेलं.

ती पिशवी आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेली होती. आत वडिलांचे कागद. वडील गेले तेव्हा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या अडीच एकरांवर वारस नोंद करायची होती. महाराष्ट्रात जमिनीचा हक्क वारसाहक्काने मिळाला, तर कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मी अकरा वर्षं लावली. आणि मी आळशी माणूस नाही, हे घरची मंडळीसुद्धा सांगतील. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत मी बारा-बारा तास खातेवह्यांत असतो, दुसऱ्यांचा एक पैसा इकडचा तिकडे होऊ देत नाही. फक्त त्या पिशवीकडे हात जात नव्हता.

चालढकलीवर लिहिताना बहुतेक जण आळसाला झोडपतात. माझ्या मते नेम तिथेच चुकतो. आळशी माणसाला काम न केल्याचं काही वाटत नाही, तो मजेत असतो. चालढकल करणारा मात्र दिवसभर इतर दहा कामं करतो आणि त्या एका कामाचं ओझं उशाला घेऊन झोपतो. फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल हे दोन मानसशास्त्रज्ञ या विषयावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांचं म्हणणं असं की ही वेळेच्या नियोजनाची अडचण नाही, मनःस्थितीची आहे. काम आठवलं की भीती, कंटाळा, लाज असं काहीतरी नकोसं वर येतं. काम बाजूला सारलं की ते लगेच शमतं. त्या घटकाभराच्या सुटकेची मनाला चटक लागते. माझ्या पिशवीत वडिलांचा मृत्यूचा दाखला होता. नाव लावताना भावाशी वाटणीचा विषय निघेल ही धास्ती होती. आणि वर्षं उलटत गेली तशी तलाठी विचारेल, ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ ही लाज. अशा माणसाला चांगली डायरी भेट देऊन उपयोग काय? माझ्याकडे दरवर्षी व्यापाऱ्यांकडून सहा-सात डायऱ्या येतात.

मग उपयोग कशाचा होतो? त्याचं उत्तर मला ज्या शहरात पोट भरतो त्या शहरानेच दिलं, फार उशिरा कळलं इतकंच.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. त्याच पावसाळ्यात, साथीच्या आधी, तापीचं पाणी वस्त्यांत घुसलं होतं. पाणी ओसरलं, पण चिखल, कचरा आणि मेलेली जनावरं मागे राहिली. साथीत पन्नासच्या आसपास माणसं दगावली. भीती मात्र त्याच्या कितीतरी पट पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांतल्या आमच्या खान्देशी मंडळींची घरं कुलपात गेली. साथ वाईट नशिबाने आली असं म्हणता येत नाही. उपसायची राहिलेली गटारं आणि उचलायचे राहिलेले ढीग यांची ती थकबाकी होती. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो. इथे बैल गेल्यानंतरही झोपा नीट बांधायला १९९५चा मे महिना उजाडावा लागला.

त्या महिन्यात एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी काय केलं याच्या बऱ्याच कथा शहरात सांगतात, त्यांत निम्मी वीरगाथा असते. मला त्यातला वीरगाथेचा भाग कमी आणि वेळापत्रकाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचं एक वाक्य गाजलं: एसीकडून डीसीकडे. एसी म्हणजे एअर कंडिशनर, डीसी म्हणजे डेली चोर्स, रोजची कामं. अधिकाऱ्यांनी सकाळचे काही तास खुर्ची सोडून रस्त्यावर, गल्लीत, गटाराच्या कडेला काढायचे. दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून सकाळी पाहिलेलं मांडायचं. शहराचे सहा झोन केले आणि झोनच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले, म्हणजे ‘वरून मंजुरी यायची आहे’ हा आवडता ‘काले’ संपला. रस्ते दिवसा झाडायचे आणि रात्री पुन्हा खरवडून झाडायचे. अतिक्रमणं पाडली गेली, दंड बसले, लोक चिडलेही. ते सगळं गोड नव्हतं. पण १९९६ साली इंटॅक या संस्थेने सुरतेला चंडीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं.

यात नवीन शोध कोणता? एकही नाही. झाडू तेच होते, झाडणारे हातही बहुतांश तेच. बदललं ते एवढंच की काम मोहिमेतून निघून घड्याळात आलं. राव पुढे बदलून गेले, तरी त्यांच्या काळातली रात्रीची झाडलोट टिकली. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षं सुरत दुसरी आली आणि २०२३च्या यादीत इंदूरसोबत पहिली. मोठा संकल्प करणारा माणूस निघून गेला की संकल्पही जातो. सवयीचं तसं नसतं.

आता हे घरात कसं आणायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, रस्त्यावर उतरणं. म्हणजे कामाच्या जागी जाऊन उभं राहणं. माझ्यापुरतं सांगायचं तर पिशवी खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवणं. पहिल्या दिवशी मी एवढंच केलं. उघडलीसुद्धा नाही. बायको म्हणाली, ‘अहो, हे कशाला मांडलंय इथे?’ मी म्हटलं, असू दे. हे वाचताना हसू येईल, पण अकरा वर्षांत तेवढंसुद्धा झालं नव्हतं. आपण काम टाळतो तेव्हा आधी कामाची जागा टाळतो. ज्याला चालायला जायचंय त्याने पहिले चार दिवस बूट घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत जावं आणि परत यावं. ज्याला उधारीची वही जुळवायचीय त्याने ती उघडून फक्त शेवटची तारीख वाचावी. या टप्प्यावर पराक्रम करू नका. पहिल्याच दिवशी तीन तास बसलात तर चौथ्या दिवशी ती वही तुम्हाला पुन्हा नकोशी होणार, हे मी लिहून देतो.

दुसरी गोष्ट, मापाची. वराछ्यात हिरे घासणारा कारागीर घंटीवर बसतो तेव्हा त्याच्या समोर अख्खा हिरा नसतो, एक पैलू असतो. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, आणि त्यातले तळाचे, बाजूचे, माथ्याचे पैलू पुष्कळदा वेगवेगळ्या हातांतून जातात. ‘वारस नोंद करणे’ हे असंच अख्ख्या हिऱ्याचं नाव आहे, त्याला काम म्हणता येत नाही. माझी यादी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. बुधवारी मृत्यूचा दाखला शोधायचा. गुरुवारी महाभूलेखच्या संकेतस्थळावरून सात-बारा आणि आठ-अ काढायचा. शुक्रवारी सगळ्या वारसांची नावं, वयं आणि पत्ते एका कागदावर. शनिवारी आत्याला फोन करून एक जुनं नाव बरोबर आहे का ते विचारायचं. रविवारी सुट्टी. सोमवारी भावाला फोन, फक्त ‘नोंद करतोय’ एवढं सांगायला. वाटणीवर अवाक्षर नाही. एकाही कामाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो हे मला गुरुवारीच कळलं, कारण गुरुवारपर्यंत मी तिथे पाहिलंच नव्हतं. न पाहिलेलं काम मनात नेहमी मोठं असतं.

भावाचा फोन मला सगळ्यात अवघड गेला म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगतो. ज्या कामात दुसरा माणूस असतो ते आपण सगळ्यात जास्त लांबवतो: उसने पैसे मागणं, माफी मागणं, मालकाकडे पगारवाढीचा विषय काढणं. तिथे कामाचा तुकडा पाडून भागत नाही, बोलण्याचा तुकडा पाडावा लागतो. पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवा, शब्दशः. मी लिहिलं होतं: ‘भाऊ, बाबांच्या कागदांचं करायला घेतलंय, तुझा आधार क्रमांक पाठव.’ तो म्हणाला, ‘बरं झालं, मीच म्हणणार होतो.’ म्हणजे तिकडेही एक पिशवी लटकलेली होतीच!

तिसरी गोष्ट, ठरलेली वेळ. ‘वेळ मिळाला की करीन’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. वेळ कुणाला मिळत नसतो. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडलेला विचार अगदी साधा आहे: इच्छा नुसती ठेवू नका, ती एखाद्या प्रसंगाला बांधा. जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन. आपल्या घरांत हे आधीपासून आहे. तिन्हीसांजेला दिवा लावायचा तर कुणी गजर लावत नाही, अंधारून आलं की हात देवघराकडे जातो. तसंच नव्या कामाला एखादं जुनं, न चुकणारं काम शोधून द्या. मी माझं काम रात्रीच्या चहाला बांधलं. कप ठेवला की पिशवी. चहा आमच्याकडे चुकत नाही, त्यामुळे पिशवीही चुकली नाही.

इथे एक अडचण आहे. सवयींची बहुतेक पुस्तकं पहाटे पाचला उठणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. सुरतेतल्या लूमच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी चालते, एक आठवडा दिवसपाळी, पुढे रातपाळी. रातपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगणं ही क्रूर थट्टा आहे. त्याने घड्याळातली वेळ धरूच नये, प्रसंग धरावा. झोपून उठल्यावर पहिलं पाणी प्यायलं की दहा मिनिटं. पाळी बदलली तरी पाणी बदलत नाही. आणि ज्या दिवशी बारा तास उभं राहून पाय भरून आलेत, त्या दिवशी माप आणखी लहान करायचं, फक्त कागद उघडून बंद करायचा. तेवढ्यानेही साखळी तुटत नाही.

चौथी गोष्ट, रावांच्या अधिकाऱ्यांची ती दुपारची बैठक. घरात ती रात्री भरवायची. दिवसाच्या शेवटी स्वतःला हिशेब द्यायचा, पण त्यासाठी अॅप नको आणि नवी वहीही नको. मराठी घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, आणि त्याच्या चौकटीत कितीतरी घरांत अजून दुधाचा हिशेब लिहितात. दूध आलं तर आकडा, नाही आलं तर फुली. दूधवाल्यावर आपण रागावत नाही की त्याला आळशी म्हणत नाही, फक्त फुली मारतो आणि महिन्याच्या शेवटी पैसे कापतो. स्वतःचा हिशेब याच थंडपणाने ठेवायचा. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात एक टिंब. झालं तर टिंब, नाही तर मोकळं. सोबत उद्याचं काम दोन शब्दांत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या ‘कुठून सुरू करू’ या विचारातच चहा गार होत नाही.

मोकळ्या चौकटींनी लोक फार घाबरतात. चार दिवस छान जातात, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, आणि सहाव्या दिवशी माणूस म्हणतो, जाऊ दे, आता एक तारखेपासून. गुढीपाडव्यापासून. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक छोटी सवय लावून बारा आठवडे पाहिलं. २०१० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. पण त्या आकड्यात अडकू नका: कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत आयुष्य बदला असं सांगणाऱ्यांनी हे वाचावं. आणि आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय बनण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

ठरवून घेतलेली सुट्टी तर त्याहून चांगली. १९३० साली साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा सुमारे ३८५ किलोमीटरची होती. १२ मार्चला निघून ५ एप्रिलला ती दांडीला पोचली. गांधीजी तेव्हा साठीचे. रोजचा टप्पा ठरलेला, मुक्कामाची गावं आधी ठरलेली, आणि सोमवार विश्रांतीचा. चालणाऱ्यांना तीन गोष्टी मात्र रोज सक्तीच्या होत्या: प्रार्थना, सूतकताई आणि दैनंदिनी लिहिणं. प्रार्थनेतल्या भजनांची धुरा ज्यांच्याकडे होती ते पंडित नारायण मोरेश्वर खरे आपले मराठी. १ एप्रिलला यात्रा सुरतेत होती आणि दुसऱ्या दिवशी डिंडोलीत. आज डिंडोलीत बाजाराला गेलात तर निम्मं बोलणं अहिराणीत ऐकू येतं. तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसेल की मिठाचा कायदा मोडायला निघालेला माणूस आपल्या गल्लीजवळून गेला, आणि तोही आठवड्यातून एक दिवस बसून.

सोबतीचा फायदा उघड आहे, म्हणून थोडक्यात. एकाच माणसाला सांगा, दहांना नको. दहांना सांगितलं की कौतुक आधीच मिळून जातं आणि काम करायची गरज उरत नाही. आणि कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. यावर मी आणखी काही सांगावं असं नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

एक काम मात्र सगळ्यांत आधी करा. यादीतली काही कामं कायमची खोडून टाका. मला पेटी शिकायची होती. वीस वर्षं ती इच्छा माझ्या मागे मागे फिरत होती आणि प्रत्येक नव्या वर्षी मला अपराधी करून जात होती. एका रविवारी मी कबूल केलं की मला पेटी ऐकायला आवडते, शिकायची नाही. पेटी भाच्याला दिली. चालढकलीतली बरीच ओझी अशी दुसऱ्यांच्या स्वप्नांची असतात. ती पुढे ढकलली जातात यात वाईट काही नाही, ती सोडून दिली जात नाहीत हे वाईट.

आणि जिथे या सगळ्याचा उपयोग होत नाही तेही सांगायला हवं. आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, आंघोळीसारखं रोजचं कामही डोंगर वाटत असेल, तर त्याला चालढकल म्हणू नका आणि टिंबांचा हिशेबही लावू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेशी १४४१६ या क्रमांकावर फोनवर बोलता येतं. तसंच छातीत दुखणं, साखरेची तपासणी, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही कामं तुकड्यांनी करायची नसतात. तिथे रिक्षा बोलवायची आणि जायचं.

आमची नोंद झाली. कागद गोळा व्हायला मला सोळा टिंबं लागली, मधे पाच मोकळ्या चौकटी. अर्ज गेला, फेरफार निघाला, हरकतींची मुदत संपली, आणि सात-बारावर आईचं, भावाचं आणि माझं नाव आलं. आईने तो कागद देवासमोर ठेवला. मी पिशवी धुऊन वाळत घातली आणि सवयीने परत त्याच खिळ्याला अडकवली.

परवा भावाचा फोन आला. ‘बांधावरून शेजारी कुरकुर करतोय, मोजणी करून घ्यायला हवी. अर्जाचं बघतोस का?’

‘बघतो की,’ मी म्हटलं, ‘काले...’

पलीकडे तो गप्प. सुरतेत दोन वर्षं काढून गेलाय, त्याला शब्द कळतो. मी उठलो, दारामागची रिकामी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली.

‘कसला आवाज आला?’ त्याने विचारलं.

‘खिळा निघाला भिंतीतून,’ मी म्हटलं. ‘सात-बाराचा फोटो पाठव.’